वाऱ्याखालच्या वस्तीवरचं विमान

गेल्या महिन्यात बाई गेल्या. नांदेडच्या एका दैनिकानं आतल्या पानावर चार ओळी दिल्या. त्यात पहिल्याच ओळीत ‘धाडसी महिला’ असं होतं, आणि त्या वैमानिक होत्या हे शेवटच्या ओळीत, तेही ‘काही काळ’ असं म्हणून. वाचून माझा चहा तसाच राहिला. धाडसी म्हणे! विहिरीत उडी मारणाऱ्या पोरीलाही आपण धाडसी म्हणतो आणि विषय मिटवतो. बाई विमान चालवायच्या. धाडस माणूस एखाद्या वेळी करतं. बाई ते काम म्हणून करत होत्या, सकाळी डबा भरून, कामावर गेल्यासारख्या जाऊन.

खरं तर मी पत्रक लिहायला बसले होते. कुणी मोलाचं माणूस गेलं की आमच्या घरातून पत्रक निघतं. पण पत्रकाला शेवटी मागणी लागते. ‘आमची मागणी’ असं ठळक अक्षरात लिहिलं आणि पुढं काय लिहावं ते सुचेना. जे मला हवं होतं ते कुठल्याच कचेरीकडे मागता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हे लांबलं.

माझे वडील अहमदपूरच्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर लग्नपत्रिका आणि आडतीच्या पावत्या. संध्याकाळी, मालकाला सांगून, उरलेल्या कागदावर आमची पत्रकं. पाणवठ्याबद्दल, गायरानाबद्दल, शिष्यवृत्तीबद्दल. मी अक्षरं आधी उलटी शिकले, कारण शिशाच्या खिळ्यावर ती उलटीच असतात. शाळेत गुरुजींनी ‘क’ काढायला सांगितला तेव्हा त्याचं तोंड मी भलतीकडे केलं, आणि वर त्यांनाच म्हणाले की तुमचा चुकला. घरात एक नियम होता. पत्रक मनातल्या मनात वाचायचं नाही. ज्याच्या हाती पहिल्यांदा येईल त्यानं उभं राहायचं आणि चार माणसांना ऐकू जाईल असं वाचायचं. बाबा म्हणायचे, “गुपचूप वाचायला ती काय सोयरिकीची चिठ्ठी हाय का?”

बहात्तरचा दुष्काळ लागला तेव्हा मी लहान होते. लातूर जिल्हा नव्हता, आम्ही उस्मानाबादचे. आमचं गाव अहमदपूर आणि चाकूरच्या मध्ये, डांबरी रस्ता सोडून आत. माय पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायची आणि मी खायला सुकडी मिळते म्हणून शाळेत.

आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. ती तिथं का, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही वस्तीतल्या पोराला विचारा. वारा पश्चिमेकडून येतो. तो आधी गावावरून जावा, मग आमच्यावरून. आमच्या अंगावरून गेलेला वारा गावात जाऊ नये, म्हणून आमच्या पूर्वजांना वाऱ्याखाली बसवलं. छप्पनला आम्ही धर्म बदलला, विहार बांधला, पण वस्ती होती तिथंच राहिली आणि वारा पण.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी एक लहानसं विमान गावावर आलं. इतकं खाली, की त्याच्या पोटावरची अक्षरं दिसत होती. सगळे उघड्यावर धावले. कुणीतरी ओरडलं, “पाऊस पाडायचं इमान हाय!” तेवढ्यात मारुतीच्या देवळावर आल्यावर त्यातून कागद सुटले. भरपूर. आणि ज्वारी उफणताना भूस जसं वाऱ्यानं बाजूला जातं, तसे ते सगळेच्या सगळे देवळावरून सरकत, वाड्यांवरून सरकत, आमच्या वस्तीवर येऊन पडले. कुडांवर, बाभळीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर. गावाच्या वाट्याला काही नाही.

गावातली माणसं पळत आली आणि वस्तीच्या कडेच्या लिंबाखाली येऊन थांबली. त्याच्या पुढं ती येत नसत.

“अरे, चार कागद इकडं फेका की,” पाटलांचा मधला मुलगा म्हणाला.

माझ्या चुलतीच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “फेकलेलं घ्यायची सवय आमाला हाय, धनी. तुमाला कशाला लावून घेता?”

बाबा त्या दिवशी घरी होते. ते म्हणाले, “फेकायचं काई काम न्हाई. पोरीच्या हातात पयला कागद आलाय. ती वाचंल. हितूनच ऐका.”

मला खळ्यावरच्या दगडावर उभं केलं. माझ्या एका बाजूला आमची माणसं, दुसऱ्या बाजूला लिंबाखाली गाव, आणि मी सरकारचा हुकूम वाचत होते. वाचता वाचता माझा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. कागदावर होतं की साथीचे दिवस आहेत, विहिरीचं पाणी उकळून प्यावं.

“आधी पानी दावा म्हनावं, मंग उकळतो!” लिंबाखालून कुणीतरी म्हणालं, आणि दोन्ही बाजू हसल्या. दोन्ही बाजू एकदम हसल्याचं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

मग पाटील म्हणाले, “ही बी गंमतच हाय. टाकलं आमच्यावर आन् पडलं तुमच्यावर.”

वस्तीतले एक म्हातारे, ज्यांनी जन्मभर गावाचे निरोप पायांनी पोचवले होते, खाली बघतच बोलले. “मालक, वाऱ्याखाली आमाला तुमीच बसवलंय. आता वाऱ्यानंच आनून दिलं, त्याला काय करावं?”

कुणी हसलं नाही. पाटील म्हणाले, “वाच गं पोरी. फुडं वाच.”

काही दिवसांनी बाबा अहमदपूरहून येताना बातमी घेऊन आले. छापखान्यात येणाऱ्या एका कारकुनानं सांगितलं होतं. ते विमान नांदेडहून आलं होतं आणि चालवणारी बाई होती. आणि नुसती बाई नव्हे.

“आपली हाय,” बाबा म्हणाले.

“आपली म्हंजी?” चुलती म्हणाली. “आपल्यातली बाई वर? आन् पडली म्हंजी?”

“कागद पडत्यात. बाई कशाला पडंल?”

चुलतीनं आपल्याच लुगड्याचा ओचा चाचपून बघितला. मग म्हणाली, “लुगडं नेसून चढली का कसं?” त्या प्रश्नावर पुढं वस्तीत महिनाभर चर्चा झाली.

बाबांनी तिच्यावर पत्रक काढलं. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे, कारण ते मीच विहारात उभं राहून वाचलं होतं: ‘गावोगाव फिरताना या भगिनीने आकाशातून आपली वस्ती ओळखली, विमान आपल्याकडे वळवले आणि पहिला कागद आपल्या हाती दिला.’ बाईंचा फोटो मिळाला नव्हता. छापखान्यात प्रवासी कंपनीच्या जाहिरातीचा एक जुना ठसा होता, तो वर लावला. नुसतं विमान, आत कुणी नाही. मी त्या छोट्या खिडकीच्या चौकटीत पेन्सिलीनं डोकं काढायची आणि खोडायची. कसं असेल ते कळायचं नाही. पण तिनं आपल्याला ओळखलं होतं, यावर माझा विश्वास होता. मला कुणीतरी वरून बघितलंय, असं वाटत वाढणं ही काय चीज असते ते मी सांगू शकत नाही. मोट हाकताना, भाकरी थापताना, गणितं सोडवताना माझ्या डोक्यात एकच होतं. आपणही तिथं जायचं आणि तिच्या शेजारी बसायचं.

म्हणून मी सायन्स घेतलं. म्हणून लातूरच्या कॉलेजात आले, वसतिगृहात राहिले.

मी कॉलेजात असतानाच लातूर जिल्हा झाला. कमानी लागल्या, पाट्या रंगवल्या, जीपांची धूळ दिवसभर खाली बसेना. उस्मानाबादहून बदलून आलेले कारकून खोल्या शोधत हिंडायला लागले. नव्या कचेऱ्यांत जागा निघणार म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक घरात एकच बोलणं होतं. माय मला पाहिलं की म्हणायची, “परीक्षा दे कारकुनाची. कचेरीत पंखा असतोय.” बाबा काही म्हणायचे नाहीत. पण अर्जाच्या तारखा ते मला न विचारता सांगायचे.

त्या दिवसांत लातुरातल्या महिला मंडळानं बाईंचा सत्कार ठरवला. बातमी फुटली ती अशी, की बाई विमानानं येणार. लातूरला तेव्हा धावपट्टी कुठली! पण कॉलेजच्या पोरांनी मागच्या माळावर दगड वेचले आणि चुन्यानं एवढी मोठी फुली काढली. आम्ही पोरी हार घेऊन उन्हात उभ्या. निम्मं लातूर माना वर करून. मी तर सकाळपासून नांदेडच्या बाजूलाच बघत होते.

तेवढ्यात एक मध्यमवयीन बाई माझ्याजवळ आली. फिकट सुती साडी, खांद्याला पिशवी, केसांत धूळ. मला विचारलं, “कार्यक्रम इथंच आहे का गं?”

“थांबा जरा बाई,” मी वर बघतच म्हणाले, “विमान यायचंय.”

“ते काही येणार नाही.”

“कशावरून?”

“मी एसटीनं आले,” ती म्हणाली.

मी खाली बघितलं. दहा वर्षं पेन्सिलीनं ज्या चौकटीत डोकं काढत होते ते डोकं माझ्यापुढं उभं होतं, आणि मी त्याला बाजूला व्हायला सांगत होते.

सत्कारात अध्यक्षांनी त्यांना ‘आकाशकन्या’ म्हटलं. बाई बोलायला उभ्या राहिल्या त्या फार थोडं बोलल्या. म्हणाल्या, “नवा जिल्हा आहे. कचेऱ्या बांधाल, रस्ते कराल. एक पट्टी पण करा. मुरुमाची चालेल. मी येऊन तुमच्या मुलींना शिकवीन.” टाळ्या पडल्या. मग चहा आला, आणि ती पट्टी चहाबरोबर संपली. मी मागच्या रांगेतून ओरडले, “ठराव करा ना!” मंडळाच्या एका बाईंनी माझ्याकडे वळून बोट ओठावर ठेवलं.

कार्यक्रम संपल्यावर मी बाईंना गाठलं. दुष्काळातलं सगळं सांगितलं. बाबांचं वाक्य म्हणून दाखवलं. आणि विचारलं, “तुम्ही आमची वस्ती कशी ओळखली?”

बाई पिशवी काखेत धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, “तुमचं गाव मला आठवत नाही गं.”

“पण तुम्ही वळवलं होतं...”

“देवळाचं शिखर बघून कागद सोडायचे, असा हुकूम होता. तेच करायचे मी. पुढं वारा.” त्यांनी पिशवी दुसऱ्या काखेत घेतली. “पहिल्या दोन-चार गावांतच लक्षात आलं, कागद कुठं जाऊन पडतात ते. माझं घर पण तसंच, गावाच्या त्याच अंगाला. मुद्दाम काही केलं नाही मी. फक्त, साहेबांना ते सांगितलं नाही.”

आपल्याला कुणी ओळखलं नव्हतं, हे कळून मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला ती बाई आणखी हवीशी वाटली. मी म्हणाले, “मला शिकवा.”

“नांदेडला ये,” त्या म्हणाल्या. “आधी डोळे तपासून घेऊ.”

नांदेडला तेव्हा एक छोटा क्लब होता. विमानं दोन, त्यातलं एक कायम उघडून ठेवलेलं. बाई तिथं शिकवायच्या. शिकणारे बहुतेक बागायतदारांचे मुलगे. मी गेले तेव्हा बाई फडक्यानं विमानाची काच पुसत होत्या. मलाही एक फडकं दिलं. पुसता पुसता बोलत होत्या. त्यांचे वडील याच धावपट्टीच्या कामावर मुरूम टाकायला होते. बाई त्यांची भाकरी घेऊन यायच्या. पट्टी झाल्यावर पहिलं विमान उतरलं तेव्हा मजुरांना बाहेर काढलं होतं, पण भाकरी घेऊन आलेल्या पोरीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, आणि तिनं ते जवळून बघितलं. मग शिष्यवृत्ती, मग हैदराबाद, मग परवाना. मोठ्या कंपनीच्या मुलाखतीला गेल्या तर त्यांना विचारलं, लग्न कधी करणार. आणि आडनाव ऐकून विचारलं, म्हणजे तुम्ही नक्की कुठल्या?

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“नांदेडची. दुसरं काय सांगणार?” बाई हसल्या. “नोकरी नाही दिली. कागद टाकायचं काम दिलं सरकारनं. बाकीचे करायला तयार नव्हते. फार खाली उडावं लागतं.”

मी पेटले. म्हणाले, यावर पत्रक काढायला पाहिजे. बाई म्हणाल्या, “काढ. पण आधी ती कडेची काच पूस, डाग राहिलाय.”

दुपारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी दिवा धरला, बराच वेळ बघितलं, उजव्या डोळ्यात पुन्हा बघितलं. मग विचारलं, “लहानपणी दिवस मावळल्यावर दिसायचं का तुला?”

दुष्काळात आम्हा बऱ्याच पोरांना दिसायचं नाही. दिवस कलला की मी मायचा पदर धरून चालायची. आम्हाला वाटायचं, लहान पोरांचं असंच असतं. पुढं पाऊस झाला, भाजीपाला आला, दिसायला लागलं, आणि आम्ही ते विसरलो. डोळा विसरला नव्हता. बुबुळावर वण राहिला होता. पुसट. वाचायला, लिहायला, कारकुनी करायला त्याची काही अडचण नव्हती. विमानाला होती.

बाहेर आल्यावर मी जे बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. दुष्काळ संपला, असं सरकारनं जाहीर केलं होतं. जिल्हा नवा केला होता. कमानी लावल्या होत्या. आणि माझ्या डोळ्यात तो दुष्काळ तसाच बसून होता आणि मला म्हणत होता, तू खालीच राहा. मी म्हणाले, ही चूक माझी नाही, ही शिक्षा मी का भोगायची? बाई माझ्याबरोबर चालत राहिल्या. समजूत घातली नाही. ‘दुसरं काहीतरी होशील’ म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

पट्टीवर परत आल्यावर त्या म्हणाल्या, “चल. एक फेरी मारून आणते.”

“नको.”

“का?”

“मला पाहुणी म्हणून नाही यायचं.”

बाई पहिल्यांदा चिडल्या. त्यांची भाषाच बदलली. “पाहुनी कोन न्हाई गं हितं? इमान क्लबाचं, पेट्रोल सायबाचं, पट्टी सरकारची. मी काय मालकीन हाय का? लई तत्त्वाची हाईस तर तत्त्व मांडीवर घेऊन बस. पट्टा बांध.”

मी बसले.

उडण्याबद्दल लोक जे लिहितात ते मी लिहिणार नाही. आवाज फार होता आणि पेट्रोलचा वास येत होता. पट्टी संपत आली, संपली, आणि खालची धडधड थांबली. गोदावरी दिसली, मध्ये वाळू, कडेनं पाण्याची बारीक पट्टी. घाटावर धुणं. टिनांची छपरं चमकत होती. मी विचारलं, “लातूरकडं जाता येईल?” बाईंनी नाही म्हणून मान हलवली. शहराभोवती एक फेरी, तेवढीच परवानगी होती. माझं गाव तिकडे कुठंतरी उन्हात होतं. नुसती दिशा दिसत होती.

मग बाईंनी माझा हात उचलला आणि पुढच्या, विमान वळवायच्या दांड्यावर ठेवला. दोघींपुढं एकेक दांडा होता, शिकवायच्या विमानात असतात तसे. कानाशी येऊन ओरडल्या, “घट्ट धरू नको. चिमणी धरल्यागत धर. विमानाच्या नाकाकडं बघू नको, लांब बघ.” आणि आपले दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

विमान माझ्या हातात होतं. मी किंचित डावीकडे नेलं, ते डावीकडे गेलं. कुणाला विचारलं नाही, ठराव केला नाही, निवेदन दिलं नाही. उजवीकडे नेलं, उजवीकडे आलं. डोळ्याला काहीही कमी दिसत नव्हतं. दोन्ही पंख सरळ होते. मी बाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांनी ते घेतलं असतं, असं मला वाटत होतं. मला फक्त हे थोडं पुढं जायला हवं होतं. जिथून परत फिरायचं असतं त्याच्या थोडं पुढं.

“सोड आता,” बाई म्हणाल्या.

मला ऐकू आलं होतं. इंजिनाचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. मी सोडलं नाही. बाई पुन्हा म्हणाल्या नाहीत. रागावल्या नाहीत. हात मांडीवरच ठेवून समोर बघत बसल्या, आणि मी त्यांचं विमान आणखी तितकंच पुढं नेलं, जितकं त्यांनी नेऊ दिलं. मग खाली पट्टी आडवी आली. बाईंनी आपला हात आपल्या दांड्यावर ठेवला, हलकेच, आणि माझ्या हातातल्या दांड्यात तो मला कळला.

मी बोटं उघडली.